वरून बंद पिंजरा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आमचं घर आणि वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पत्र्याची. त्यामुळे पलीकडे काय चाललंय हे अव्वाला स्वयंपाकघरात बसल्याजागी कळायचं. वेल्डिंगची चरचर थांबून ग्राइंडर किंचाळायला लागला की ती चहाचं आधण ठेवायची, कारण त्यानंतर आप्पा हात धुवून आत येणार हे ठरलेलं. अव्वा गडहिंग्लजकडची. तिच्या मराठीत अधूनमधून कानडी यायचं, आणि आम्ही तिला आई न म्हणता अव्वाच म्हणायचो. जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी, वर लोणी, असं आमचं साधं खाणं. भाकरी कितीही झाकून ठेवली तरी तिच्यावर लोखंडाचा बारीक कीस बसायचाच. पुढं लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिले काही महिने जेवणात काहीतरी कमी वाटायचं. ते काय, हे फार उशिरा लक्षात आलं.

त्या घराबद्दल लिहायला बसले की मायेआधी भीती आठवते. मी मुळात भित्री. सुतळी बॉम्बला भ्यायची, गाईच्या शिंगांना भ्यायची, वेल्डिंगचा उजेड बघितला तर डोळे जातील म्हणून दारातून भिंतीकडं तोंड करून आप्पांना हाक मारायची. पण हे कुणाला कळू नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्यांदा बोलायची. आमच्याकडं मोठ्यांदा बोलणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

गल्लीत केबल आली तशी परदेशातली टीव्हीवरची कुस्तीही आली. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं भावंडं, मी आणि बसू, टीव्हीपुढं ठाण मांडायचो. बसू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पंधरा वर्षांचा. इंग्रजी नावं आम्हाला नीट कळायची नाहीत, म्हणून पैलवानांची नावं आम्हीच पाडली होती. अंगाला पांढरं फासून येणारा तो भस्म्या, रुंद मिशांचा तो गवळी, आणि हरला की पंचाला मारणारा तो सासरा. त्यांतल्या सगळ्यांत भारी कुस्त्या व्हायच्या लोखंडी पिंजऱ्यात. रिंगच्या चारी बाजूंनी पिंजरा उभा करायचा, दोघांना आत सोडायचं आणि बाहेरून कुलूप. जो आधी बाहेर पडेल, दारातून नाहीतर वरून चढून, तो जिंकला. मी त्या कुस्त्या बोटांच्या फटीतून बघायची. रक्त दिसलं की ती फटही मिटायची. पण दुसऱ्या दिवशी वर्कशॉपपुढच्या कट्ट्यावर आजवरची सगळ्यांत भारी पिंजऱ्यातली कुस्ती कोणती, यावर वाद सुरू झाला की मी सगळं डोळे उघडे ठेवून बघितल्यासारखी भांडायची.

बसूचं मत कायम एकच. भस्म्या आणि गवळ्याची, निळ्या गजांच्या पिंजऱ्यातली. गवळ्याचा एक हात निकामी झालेला, तरी तो एका हाताने गजांवरून चढून वर गेला आणि पलीकडं उडी मारली. "गज पायजेत," बसू म्हणायचा. "गजाला माणूस धरू शकतो. लढतोय कोण ते दिसतं. जाळीत निस्ता गोंधळ." माझं मत त्याच्या उलट. उलटच असायला हवं होतं, नाहीतर वाद कसला. मी म्हणायची, सगळ्यांत भारी ती सासऱ्याची, जाळीच्या पिंजऱ्यातली, ज्याला वरूनही जाळीचं छप्पर होतं.

आमच्या वादाचा पंच म्हणजे दिनकर. आम्ही त्याला दिनूदा म्हणायचो. राधानगरीकडचा तो, कुस्तीसाठी म्हणून कोल्हापुरात आलेला. समोरच्या तालमीत सहा वर्षं घाम गाळला, मग गुडघा गेला आणि मैदानं सुटली. गावी काय तोंड दाखवायचं म्हणून तो आप्पांकडे कामाला लागला. दोन माणसांनी मिळून उचलायचे ते लोखंडी अँगल तो एकटा खांद्यावर टाकायचा. कान फुटलेले, मान बैलाची, आणि आवाज मात्र एखाद्या मास्तरासारखा मऊ. मला तो अक्काबाई म्हणायचा. वाद फार रंगला की म्हणायचा, "दोन्ही बी खोट्या कुस्त्या. पर अक्काबाई बोलती लई भारी. आजचा डाव तिचा." बसू चिडून निघून जायचा आणि मला त्या दिवशी भाकरी गोड लागायची.

एका सकाळी दत्ताजीराव नावाचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले. जत्रांमध्ये ऑर्केस्ट्रा, बैलगाड्या, कुस्त्या असं काय काय ते भरवायचे. बिद्रीच्या अलीकडं एका गावच्या यात्रेत त्यांना टीव्हीवरच्यासारखी पिंजऱ्यातली कुस्ती दाखवायची होती. आप्पांनी आयुष्यात गेट, खिडक्या आणि उसाच्या ट्रॉल्या केल्या होत्या. ते म्हणाले, "मी कधी बघितलाच न्हाय पिंजरा. गजाचा का जाळीचा, उंची किती, मला काय ठावं." दत्ताजीरावांनाही धड सांगता येईना. तेव्हा आप्पांनी आम्हा दोघांना हाक मारली. "ह्यांस्नी इचारा. ही दोघं दिवसभर त्येच करत्यात."

मोठी माणसं आमचं म्हणणं ऐकायला बसली आहेत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. बसू आधी बोलला. गज लावा, वरून उघडा ठेवा, आठ फूट उंची पुरे. गवळी कसा चढला ते त्याने गेटवर चढूनच दाखवलं. दत्ताजीरावांनी मान डोलावली. आप्पा खडूने जमिनीवर आकृती काढायला लागले. मी हरत होते. कुणी मला पाण्यात ढकलतंय असं वाटलं. आणि मी बोलायला लागले. म्हटलं, गजाचा पिंजरा म्हणजे गुरांचा कोंडवाडा, लोक हसतील. जाळी पाहिजे. आणि वरून छप्पर पाहिजे, कारण छप्पर असलं की सुटका फक्त दारातून, आणि मग लोकांचा श्वास अडकतो. शिवाय छपराला लोंबकळून समोरच्याच्या छातीवर दोन्ही पाय घालता येतात. सासऱ्याने तसंच केलं आणि म्हणूनच ती जगातली सगळ्यांत भारी कुस्ती ठरली.

खरं सांगायचं तर ती कुस्ती मी पुरती बघितलीच नव्हती. सुरुवातीची पाच मिनिटं बघितली आणि लाईट गेली. बसू तेव्हा मामाकडे गडहिंग्लजला गेला होता, त्याने काहीच बघितलं नव्हतं. छपराला लोंबकळणं, छातीवर पाय घालणं, हे सगळं मी कट्ट्यावर वाद घालता घालता रचलेलं. इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही ते दिसायला लागलं होतं. दत्ताजीराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलती. छप्पर कराच." आप्पांनी पायाने बसूची आकृती पुसली.

दिनूदा तिथंच उभा होता. ठरवून खेळायच्या त्या कुस्तीत एका बाजूने तू उतरशील का, असं दत्ताजीरावांनी त्याला आधीच विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता. मैदान सुटल्यापासून त्याला पहिल्यांदाच कुणी लंगोट बांधायला बोलावत होतं. सगळे चहाला आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्काबाई, वरनं बंदच पायजे व्हय?"

त्याच्या चेहऱ्याकडं मी बघितलं. एवढा मोठा माणूस, पण कपाळावर घाम होता. मला कळलं. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लगेच कळते. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की नको, उघडाच बरा. मी म्हटलं, "त्याशिवाय मजा न्हाय दिनूदा." तो हसला. "बरं. तू म्हणतीस तर बंद."

पुढचे तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. पिंजरा रोज थोडा थोडा वाढत चालला. शाळेतून आले की आधी वर्कशॉपमध्ये डोकावायची. चार बाजूंच्या चार चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या, त्यांवर साखळीची जाळी ताणलेली, आणि छपराची चौकट जमिनीवर पालथी. दिनूदा संध्याकाळी छपराची चौकट दोन ट्रॉल्यांवर ठेवून तिला लोंबकळायचा सराव करायचा. बोटं जाळीत अडकवून झोका घ्यायचा. अव्वा दारातून बघत म्हणाली, "मला न्हाय बरं वाटत बाई. माणसाला कशाला कोंडायचं? पाखरू हाय काय त्ये?" मला वाटलं ती माझ्याकडंच बघून बोलतेय. मी दप्तर घेऊन आत पळाले. दोनदा मी आप्पांना सांगायला म्हणून गेले, आणि दोन्ही वेळा बसू तिथं होता. त्याच्यापुढं माझं खोटं कबूल करायचं, या विचारानेच मी तशीच परत फिरले.

यात्रेच्या दिवशी आम्ही पिंजऱ्याच्या चौकटींबरोबरच ट्रॉलीत बसून गेलो. उसाचा हंगाम होता. कारखान्याचा धूर आणि मळीचा वास गावाच्या अलीकडं दोन मैलांपासून लागला. तोडणी झालेल्या एका रानात फळ्यांचं उंच स्टेज बांधलं होतं. आप्पा, बसू आणि दिनूदा यांनी चौकटी उभ्या केल्या, नट-बोल्ट आवळले, शेवटी दोरांनी छप्पर चढवलं. दिनूदाशी लढणाऱ्याला दत्ताजीरावांनी काळा मुखवटा देऊन इराणचा वाघ असं नाव दिलं होतं. प्रत्यक्षात तो कबनूरचा यासीन, यंत्रमागावर काम करणारा. दुपारी स्टेजमागं बसून त्याने आमच्याबरोबर अव्वाने दिलेली भाकरी खाल्ली आणि आप्पांना म्हणाला, "मामा, चटणी लई झ्याक. मामीला सांगा." दोघांनी कुठला डाव कधी टाकायचा ते जेवताजेवता ठरवून घेतलं. दिनूदा नेहमीपेक्षा कमी जेवला. उठताना त्याने एकदा वर छपराकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी खाली बघितलं.

चार वाजता दिनूदा आणि यासीनला आत सोडून बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. एवढी गर्दी मी पुन्हा कधी बघितली नाही. मागच्यांना दिसेना म्हणून पुढच्यांवर रेटा यायला लागला. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. यासीन जाळीवर आदळायचा, जाळी झणझणायची, लोक शिट्ट्या मारायचे. मग काही पोरं कडेच्या जाळीवरून चढून छपरावर जाऊन बसली. आधी दोन, मग पाच, मग मोजता येईनात. माईकवाला त्यांना उतरा म्हणायचं सोडून त्यांचंच कौतुक करायला लागला. स्टेजच्या पायथ्याशी उभे असलेले आप्पा एकदम ताठ झाले. ते कुस्ती बघतच नव्हते, चौकटीचे कोपरे बघत होते. "बसू," ते म्हणाले, "काटकोन गेला बघ. छप्पर बसाय लागलंय."

त्याच वेळी दिनूदाने वर उडी मारून छपराला धरलं. माझा डाव. दोन्ही हातांची बोटं जाळीतून वर आलेली मला खालून स्पष्ट दिसली, आणि वर नाचणाऱ्या एका पोराची चप्पल त्या बोटांवर पडलेलीही दिसली. दिनूदा ओरडला नाही. हात सुटले, तो झोक्यातच आडवा झाला आणि मानेवर पडला. पडताना डोकं खालच्या अँगलला लागलं. तो आवाज मी कितीही वर्षं झाली तरी लिहून दाखवू शकणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यासीन आधी ठरल्याप्रमाणं त्याच्यावर झेपावला, मग थांबला. त्याने दिनूदाचा गाल हलवला. मग मुखवटा काढून फेकला आणि जाळीला तोंड लावून ओरडायला लागला, "पावणं, दार उघडा. ह्यो हलंना झालाय. दार उघडा की." इराणचा वाघ मराठीत रडतोय हे बघून लोक आणखीनच हसले. त्यांना वाटलं हाही खेळच. दत्ताजीरावांनी कुलूप काढलं, कडी ओढली, पण दार जागचं हलेना. छपराच्या वजनाने चौकट तिरकी होऊन दारावर बसली होती. आप्पा पहार घालून रेटत होते आणि वर पोरं तशीच नाचत होती.

मी काय केलं ते मला तुटक तुटक आठवतं. माझा परकर ओला झाला होता, हेही लिहूनच टाकते. मी माईकवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "ए पोरी, लांब हो." मी माईक त्याच्या हातातून ओढला आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून म्हटलं, "ह्यो खेळ न्हाय. वरची पोरं खाली उतरा. आतला माणूस मेलाय."

मेलाय, हा शब्द चारी कर्ण्यांतून माझ्याकडंच परत आला. तोपर्यंत मी तसा विचारही केला नव्हता. सगळं रान गप झालं. छपरावरची पोरं एकेक करून उतरली. तरीही दार उघडलं नाही, कारण वाकलेलं लोखंड आपणहून सरळ होत नाही. मग आप्पांनी छन्नी-हातोड्याने जाळी एकेक कडी करून तोडायला घेतली. बसू छन्नी धरत होता आणि आप्पा घाव घालत होते. आप्पांचा एकही घाव चुकलेला मी कधी बघितला नव्हता. त्या दिवशी दोन घाव बसूच्या हातावर बसले आणि बसूने हात काढला नाही. माणूस निघेल एवढं भोक पडायला किती वेळ लागला कोण जाणे. कुणीतरी म्हातारा पैलवान खालून सारखं सांगत होता, "मान हलवू नका रे, मान हलवू नका." एका फळीवर घालून दिनूदाला बाहेर काढलं, तेव्हा तो डोळे उघडून आभाळाकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आला. आप्पांना विचारलं, पिंजरा कुणाच्या सांगण्यावरून असा केला, छप्पर कुणाची कल्पना. मी पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून उभी होते. बसूने माझ्याकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "माप माझं, काम माझं. दुसऱ्या कुणाचं काय न्हाय." हवालदाराने लिहून घेतलं. बसूने त्या दिवशी तर नाहीच, पुढच्या पंचवीस वर्षांतही कधी मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. त्याने वाद घालणंच सोडलं. माझ्याशी कुठल्याही गोष्टीवर तो चटकन "बरं, तुझं खरं" म्हणतो, आणि मला ते अजून सहन होत नाही.

दिनूदा जगला, हे आत्ताच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. तो काठी घेऊन चालायला लागला, गावी गेला, म्हशी घेतल्या. डावा हात मात्र कायमचा गेला. पण हे सगळं पुढचं. मी त्याला भेटायला सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मानेभोवती जाड पट्टा बांधून छताकडं तोंड करून पडला होता, आणि डॉक्टर आप्पांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत होते. अव्वाने हुग्गी, म्हणजे तिच्याकडची गव्हाची खीर, डब्यात भरून दिली होती. मी स्टुलावर बसले. घाबरून घाबरून माझ्यातली भीती जणू संपली होती, म्हणून असेल, पण मी सरळ बोलले.

"दिनूदा, ती कुस्ती मी बघितलीच नव्हती. लाईट गेलती. छपराला लोंबकळायचं मी माझ्या मनानं सांगितलं."

 मान वळवता येत नसल्यामुळे त्याचे नुसते डोळे माझ्याकडं वळले.

"का सांगितलंस?"

"हरत हुते म्हणून."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. तो थांबल्यावर दिनूदा म्हणाला, "मला तवाच भ्या वाटलं हुतं. मी तालमीत एवढी वर्षं काढली, मातीत कधी भ्यालो न्हाय. पर डोक्यावर छप्पर म्हटल्यावर घाम फुटला. तुला इचारलं बी त्येच्यासाठीच. वाटलं, तू नको म्हणशील."

"मला कळलं हुतं," मी म्हटलं. "तुमचा घाम मी बघितला हुता."

"मग?"

मी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"म्हंजे तू हरायला भिलीस आन् मी भितोय म्हणायला भिलो," तो म्हणाला. "दोघं बी गप बसलो. आता एकट्या तुला काय बोलू?" मग, "डब्यात काय हाय?"

"हुग्गी."

"भरव."

मी चमचा भरला. पहिला घास त्याच्या गळपट्ट्यावर सांडला. अव्वा पदराने पुसायची तसं मी ओढणीने पुसायला लागले आणि पुसता पुसता रडायला लागले. दिनूदाने तोंड उघडं ठेवून वाट बघितली. मग म्हणाला, "सावकाश भरव, अक्काबाई. मी कुठं पळून चाललोय."